आधी अंतर, मग यंत्र

पहिल्या वाचनाचं दुसरं वाक्य संपायच्या आत स्पीकर शिट्टी मारतात, वाचक दचकून मागे सरकतो, मिक्सरवरचं माणूस घाईघाईने फेडर खाली ओढतं आणि पुढची पाच मिनिटं शेवटच्या बाकांवर कुणाला काही ऐकू येत नाही. वसईपासून नगरपर्यंत मराठी उपासना चालणाऱ्या चर्चांना हा प्रकार नवा नाही. त्यावरून पॅरिश कौन्सिलमध्ये होणारा वादही ठरलेलाच. तो इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले, साऱ्या धर्मग्रामाचे काका. दुसरी दर रविवारी मिक्सर सांभाळणारी, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलगी. काका म्हणतात, फीडबॅक आपोआप पकडून दाबणारं यंत्र बाजारात मिळतं, ते घेऊन टाकू आणि विषय संपवू. मुलगी म्हणते, यंत्राचं नंतर बघू. आधी तोंड, माईक आणि स्पीकर यांच्यातली अंतरं बदलू. मी मुलीच्या बाजूचा आहे. पण काकांचे आक्षेप पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे आहेत, त्यांना वळसा घालून पुढे जाता येणार नाही.

“पोरी, शिट्टी मशीनमधून येते, मग इलाजही मशीनचाच नको का?” काका विचारतात. “ताप आला तर आपण गोळी घेतो, घराचं दार दुसरीकडे नेत नाही.”

“काका, शिट्टी मशीनमधून नाही, अख्ख्या चर्चमधून येते,” ती म्हणते, आणि इथे ती शब्दशः बरोबर आहे. वाचकाचा आवाज माईकने उचलला, ॲम्प्लिफायरने वाढवला, स्पीकरने सोडला. त्यातला काही भाग भिंती, फरशी आणि छपरावर आपटून पुन्हा त्याच माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर पडतो. हा परत येणारा आवाज मुळाइतका किंवा मुळाहून मोठा झाला आणि त्याच्या लाटा मूळ लाटांशी जुळल्या, की दर फेरीला तो वाढत जातो आणि ॲम्प्लिफायरची ताकद संपेपर्यंत थांबत नाही. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांनी हे उलगडून दाखवलं, म्हणून युरोपात काही ठिकाणी हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखतात. माईक, स्पीकर आणि खोली, तिघांचाही कल ज्या स्वराकडे जास्त, तो स्वर सर्वांत आधी सुटतो. म्हणून एका चर्चमध्ये भोंगा वाजल्यासारखा जाड आवाज येतो, तर दुसरीकडे कानात सुई गेल्यासारखा बारीक. शिट्टी ही या साखळीची शेवटची पायरी. तिच्या थोडं आधी, गेन दोन-तीन डेसिबल कमी असताना, शब्दांच्या मागे एक धातूसारखी शेपूट ओढली जाऊ लागते. शिट्टी नसते, तरी वाचन पोकळ आणि अस्पष्ट होतं. म्हणून ध्वनीचं काम करणारे लोक शिट्टीच्या मर्यादेपासून सुमारे ६ डेसिबल खालीच राहायचं, असा नियम पाळतात. काकांचं यंत्र शिट्टी थांबवेल. ही शेपूट मात्र बऱ्याचदा तशीच राहते, आणि ती आजी-आजोबांना शिट्टीपेक्षा जास्त नडते.

आता हिशेब मांडू, कारण काकांना तोच पटेल. वाचनपीठावरचा माईक साधारणपणे वाचकाच्या तोंडापासून दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर असतो. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं, की माईकला मिळणारा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. ६० वरून ३० सेंटिमीटरवर आणलं तर ६, तिथून १५ वर आणलं तर आणखी ६. म्हणजे एकूण १२ डेसिबल. आवाज माईकमध्येच जास्त आला, की ॲम्प्लिफायरचा गेन तेवढाच खाली आणता येतो, आणि परत फिरून येणारा आवाज आपसूक १२ डेसिबलने घटतो. या कामाला लागणारा खर्च म्हणजे वाकणारी मान असलेला एक माईक, आणि वाचकांशी दहा मिनिटांचं बोलणं. फीडबॅक दाबणारी यंत्रं प्रत्यक्षात साधारण चार ते सहा डेसिबलची मोकळीक देतात. त्याहून जास्त मागितली, तर आवाजाचा पोत बिघडू लागतो. बारा फुकटात पडलेले असताना सहासाठी कोटेशन मागवायचं, हा व्यवहार बँकेत बसलेल्या माणसाला पटू नये.

“बोलायला सोपं आहे,” काका म्हणतात. “वाचायला कोण येतं? पंचाहत्तरीची मावशी येते, चौथीतला पोरगा येतो. ते काय माईक तोंडात धरून वाचणार? मिस्सा आहे ती, ऑर्केस्ट्रा नव्हे.” आक्षेप रास्त आहे. पण माईक तोंडात धरायचाच नाहीये. वाकणारी मान हनुवटीच्या खाली, एक वीत अंतरावर आणायची. तिथून माईक चेहऱ्याच्या आड येत नाही, पानही झाकत नाही आणि प, फ, भ यांचा वाराही थेट त्यावर आदळत नाही. ६० सेंटिमीटरवरून वीतभर अंतरावर आलं, तरी नऊ-साडेनऊ डेसिबल मिळतात. पोरगा बुटका असेल, तर त्याच्या पायाखाली एक पाट ठेवावा. माईक खाली वाकवत बसण्यापेक्षा तेच बरं. वाचनग्रंथ सपाट पडलेला असला, की वाचक मान खाली घालतो आणि आवाज पुस्तकात जातो. तो तिरका, डोळ्यांच्या थोडा जवळ ठेवला तर मान आपोआप वर राहते. हे सगळं सुतारकाम आहे, आणि चर्चला सुतार सहज मिळतो.

माईक हातात घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. हातात धरायचा साधा गायकाचा माईक उघडून पाहिला, तर जाळीच्या आत पडद्यामागे बारीक फटी दिसतात. मागून येणारा आवाज या फटींतूनही आत शिरतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी असा पोहोचतो, की स्वतःलाच बऱ्यापैकी खोडून टाकतो. माईक समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, ते त्या फटींमुळे. युवा ग्रुपचा गायक जोशात येऊन जाळी मुठीत आवळतो, तेव्हा नेमक्या याच फटी बंद होतात, माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि समोरचा मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, लगेच त्यात घुसतो. शिट्टी आल्यावर घाबरून माईकवर हात ठेवणाऱ्याची गत तीच. मॉनिटरची जागाही माईकच्या जातीवर ठरते. साध्या कार्डिऑइड माईकचं बहिरेपण बरोबर मागे, १८० अंशांवर असतं, तर सुपरकार्डिऑइडचं साधारण १२६ अंशांवर, म्हणजे मागे पण बाजूला. महागडा माईक आणून मॉनिटर जुन्याच जागी ठेवला आणि तक्रार वाढली, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

काका इथे इतिहासाचं हत्यार काढतात: “आमच्या आजोबांच्या वेळी माईक नव्हतेच. तरी चर्च भरायची ना?” भरायची, पण त्या काळातल्या लोकांनी अंतराचा प्रश्न अंतरानेच सोडवला होता. जुन्या गोव्यात १६०५ साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझूस बॅसिलिकात कोरीव लाकडी प्रवचनपीठ वेदीजवळ नाही. ते लांब दालनाच्या दक्षिण भिंतीवर, जवळपास मध्यावर, लोकांच्या डोक्यांवर पुढे आलेलं आहे, आणि वर लाकडी छत आहे. प्रवचन देणारा वेदी सोडून माणसांच्या मध्ये यायचा. वरच्या छतामुळे उंच छपराकडे वाया जाणारा आवाज खाली परतायचा. वेदीवरचा लॅटिन मंत्रोच्चार शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा अशी तेव्हा कुणाची अपेक्षाही नव्हती. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले, सामान्य भाविक वाचनपीठावर आले, आणि शब्द कळणं ही गरज झाली. इमारत मात्र तीच राहिली.

शब्दांची गरज वाढली तशी माईकची संख्याही वाढली. वेदीवर दोन, वाचनपीठावर एक, निवेदकाचा एक, फादरांचा कॉलर माईक, कॉयरचे तीन: आठ झाले. सगळे एकाच वेळी उघडे राहिले, तर प्रत्येक माईक खोलीतला घुमणारा आवाज स्वतंत्रपणे गोळा करतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. वीतभर अंतराने कमावलेले जवळपास सगळेच. मुलगी म्हणते, “ज्याच्यासमोर कोणी बोलत नाही, तो माईक बंद.” एवढी एक शिस्त पाळली, तरी निम्म्या चर्चांचा प्रश्न सुटेल, असं माझं मत आहे.

“बरं, समजा स्पीकरच लांब नेले,” काका म्हणतात. “वाचनपीठाजवळचे काढून मागे लावले. मग कशाला हे सगळं?” हा प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर अंदाजापेक्षा वेगळं निघतं. चाळीस मीटर लांब, तेरा रुंद, साडेअकरा मीटर उंच, असं एक चर्च धरू. जागा सुमारे ६,००० घनमीटर. गिलाव्याच्या भिंती, फरशी, लाकडी बाक, आणि रिकामं असताना घुमण्याचा काळ ३ सेकंद. अशा जागेत चारी दिशांना सारखा आवाज फेकणारा स्पीकर असेल, तर त्याचा थेट आवाज फक्त अडीच मीटरपर्यंत वरचढ असतो. त्यापुढे सगळीकडे घुमार, आणि घुमार बहुतेक ठिकाणी सारखाच. म्हणून स्पीकर सहा मीटरवरून बारा मीटरवर नेला, तरी वाचनपीठावरच्या माईकला येणारा परतीचा आवाज फारसा घटत नाही. अंतर कामाला येतं ते या अडीच मीटरच्या आत. तोंड-माईकचं अंतर आत असतं, म्हणून तिथे प्रत्येक वीत मोलाची. बाहेर दिशा कामाला येते. भिंतीला उभे लावलेले लांबट कॉलम स्पीकर, आपल्याकडे अहुजाचे सर्रास दिसतात ते, आवाज वर-खाली कमी पसरवतात. आवाज एका दिशेला दहापट एकवटणारा स्पीकर तोच थेट आवाज अडीचऐवजी आठ मीटरपर्यंत वरचढ ठेवतो, छपराकडे कमी पाठवतो, आणि म्हणून घुमारही कमी पेटवतो. तो माईकच्या पुढे, बाकांच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून आणि किंचित खाली झुकवून लावला पाहिजे. वेदीच्या मागे, वाचकाच्या पाठीशी लावलेला स्पीकर दिसायला सोयीचा असतो, पण तो सरळ माईकच्या तोंडात बोलतो.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं उदाहरण इथे पुरेसं आहे. रिकाम्या इमारतीत आवाज दहा सेकंदांहून जास्त घुमतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लांब कॉलम स्पीकर बसवले गेले, आणि दूरच्या स्पीकरला आवाज मुद्दाम उशिरा पोहोचवला गेला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवरच्या स्पीकरने एक दशांश सेकंद थांबून बोललं, तर ऐकणाऱ्याला आवाज वाचकाकडूनच आल्यासारखा वाटतो. प्रत्येक स्पीकर हळू बोलला, कारण त्याचे श्रोते त्याच्याजवळ होते. आज ही उशिराची सोय साध्या डिजिटल मिक्सरमध्येही मिळते.

काका थोडे गप्प होतात, मग म्हणतात, “नाताळला मध्यरात्री चर्च भरते, तेव्हा शिट्टी येत नाही. आदल्या दिवशी तालमीला येते. मग तालीम करण्यात तरी काय अर्थ?” अर्थ आहे, आणि तो वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ पासून शोधलेल्या हिशेबात आहे. फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. सॅबिनने सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री तिथे आणून, मांडून, घुमण्याचा काळ किती घटतो हे मोजलं. त्याच्या सूत्राने आपल्या ६,००० घनमीटरच्या चर्चमध्ये भिंती-फरशी मिळून सुमारे ३२२ चौरस मीटरचं शोषण निघतं. चारशे माणसं बसली, प्रत्येकाचं अर्ध्या चौरस मीटरहून थोडं कमी धरलं, की शोषण पाचशेवर जातं आणि ३ सेकंदांचा काळ दोनच्या खाली येतो. शब्द स्पष्ट होतात, पण परतीच्या आवाजातली घट असते जेमतेम २ डेसिबल. म्हणजे रिकाम्या चर्चमध्ये शिट्टी न येणारी मांडणी भरल्या चर्चमध्येही शिट्टी देणार नाही. तालीम रिकाम्यातच करावी. पंखे फुल ठेवून आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण गोंगाटावर मात करायला मिक्सरवरचा हात आपोआप वर जातो. तेव्हा आधी पंख्याचा रेग्युलेटर बघावा.

यंत्रावर अन्याय होऊ नये, म्हणून ते काय करतं तेही सांगतो. एक जात शिट्टीचा स्वर ओळखून तेवढाच अरुंद पट्टा कापते. दुसरी जात सगळा आवाज काही हर्ट्झने सरकवते, म्हणजे परत येणारी लाट मूळ लाटेशी नेहमी जुळत नाही. मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात ही युक्ती दाखवली. ५ हर्ट्झने सरकवलेलं भाषण कुणाच्या लक्षात येत नाही. गाणं मात्र येतं. पेटीवर काळी एक, सुमारे २७७ हर्ट्झ, धरली आणि स्पीकरमधून ती २८२ झाली, तर अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा चढला; आणि पेटीचा स्वतःचा सूर जवळून ऐकू येत असताना दोन्ही मिळून सेकंदाला पाच ठोके पडू लागतात. कापणारी जात तर बासरीचा किंवा पेटीचा लांब धरलेला सूर बऱ्याचदा शिट्टीच समजते आणि तोच कापायला धावते. मराठी भजनपद्धतीच्या उपासनेत लांब सूर काही अपवादाने येत नाहीत.

“आणि रोज सकाळी सहाची मिस्सा?” काका शेवटचं पान टाकतात. “तेव्हा तू झोपलेली असतेस. सॅक्रिस्टन स्विच दाबतो आणि आठही माईक उघडे. तुझी शिस्त तिथे कोण पाळणार?”

या आक्षेपाला मुलीकडे उत्तर नाही, आणि मलाही ते सहजासहजी टाळता येत नाही. माणसाच्या शिस्तीवर उभी राहिलेली व्यवस्था माणूस नसताना पडते. म्हणून इथे मी यंत्राच्या बाजूला जातो, पण काकांच्या यंत्राच्या नाही. डॅन ड्यूगन या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने १९७० च्या दशकात स्वयंचलित मिक्सर बांधला. तो सगळ्या माईकचा एकूण गेन एका उघड्या माईकइतकाच ठेवतो, बोलणाऱ्याला पुढे आणतो, बाकीच्यांना आपोआप खाली दाबतो. आठ माईकांनी खाल्लेले ते ९ डेसिबल परत मिळतात, आणि कुणी मिक्सरवर बसायची गरज नसते. आज ही सोय अनेक डिजिटल मिक्सरमध्ये आतच असते. त्यात सहाच्या मिस्सासाठी फक्त वेदी आणि वाचनपीठ उघडं ठेवणारी मांडणी साठवून, तिला कुलूप घालून ठेवावी. फीडबॅक दाबणारं यंत्र या सगळ्याच्या नंतर, फादर खाली उतरून मुलांमध्ये बोलतात त्या दहा मिनिटांसाठी घ्यायला हरकत नाही. कॉलर माईक छातीवर, तोंडापासून वीतभर खाली असतो, बहुधा सगळीकडून ऐकणारा असतो, आणि चालता चालता कॉलम स्पीकरच्या पुढ्यात येतो. कानाला लावायचा, ओठांच्या कोपऱ्याजवळ दोन-अडीच सेंटिमीटरवर राहणारा माईक दिला, तर अंतराचाच फायदा १७-१८ डेसिबल होईल, पण “फादर काय बातम्या देणार आहेत?” हा काकांचा प्रश्न निव्वळ चेष्टेचा नाही, वेदीवर काय शोभतं, हे डेसिबलने ठरत नाही. मग राहतो एकच उपाय: पुढचे दोन कॉलम आणखी पुढे सरकवायचे आणि फादरांनी त्यांच्या पलीकडे जायचं नाही.

काकांनी वहीत क्रम लिहून घेतला आहे: वाकणारी मान, पाट, कॉलमसाठी लोखंडी ब्रॅकेट, मग मिक्सर. फीडबॅकच्या यंत्राचं कोटेशन त्यांनी फाडलेलं नाही, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ढकललं आहे, आणि मला ते योग्यच वाटतं.

“पण फादरांना पुढे जाऊ नका, हे कोण सांगणार?” ते विचारतात.

“तुम्ही, काका. ब्रॅकेटचे पैसे तुम्हीच देणार आहात ना?”